बेबीचं सहलीचं सामान

घरचं ताडपत्रीचं दुकान औषधवाल्याला भाड्याने द्यायचं दादांनी नक्की केलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी जेवताना बेबी म्हणाली, “या रविवारी सगळ्यांनी तलावावर यायचं. सहलीला. मी केलेलं सामान एकदा वापरून बघा, मग काय ते बोला.”

दादांचा घास हातातच राहिला. “सहलीला?” त्यांनी विचारलं, जणू बहिणीने चंद्रावर चला म्हटलं होतं.

त्यांचंही चुकत नव्हतं. या घराने दोन पिढ्या दुसऱ्यांच्या ट्रकांवर ताडपत्र्या घातल्या, दुसऱ्यांच्या दुकानांपुढे छपरं टाकली, पण स्वतः कधी चटई घेऊन झाडाखाली बसलं नाही. मामंजी, म्हणजे दादांचे वडील, होते तोवर दुकान रविवारीही उघडं असायचं. ते गेल्यावर प्लास्टिकचे निळे कागद आले, ट्रकवाले तिकडे वळले, आणि दुकान उघडं असलं काय अन् बंद असलं काय, सारखंच झालं. दादा गल्ल्यावर बसून पेपर वाचत. मागच्या खोलीत मोठ्या शिलाई मशीनवर बेबी मात्र काही ना काही शिवत असायची. साठी उलटली तरी घरात तिला सगळे बेबीच म्हणत. गेलं वर्षभर ती ताडपत्रीच्या उरलेल्या तुकड्यांतून सहलीच्या वस्तू करत होती. घरात कुणी त्या नीट पाहिल्या नव्हत्या. तिचा एक छंद, एवढंच सगळ्यांनी धरलं होतं.

“जाऊ या की,” वहिनी म्हणाल्या. “तेवढीच हवा बदलेल.”

त्या असं पटकन हो म्हणाल्या त्याला कारण होतं. बेबीशी एक गोष्ट बोलायची होती आणि घरात ती काही केल्या ओठांवर येत नव्हती. वहिनींच्या लेकीला, चिऊला, सातवा महिना लागला होता. तिचा फोन आला होता: बाळंतपणाला आत्याला पाठव, चार महिने तरी. वहिनी ‘पाठवते’ म्हणून मोकळ्या झाल्या होत्या. बेबीला विचारायचं राहून गेलं होतं. खरं सांगायचं तर राहून गेलं नव्हतं, त्या टाळत होत्या.

रविवारी धाकटे भाऊजी त्यांची छोटी गाडी घेऊन आले. विम्याचं काम करणारा माणूस, अंगाने भरलेला, बोलायला गोड. शाळेत शिवण शिकवणाऱ्या जाऊबाई पुढे बसल्या. मागे दादा, वहिनी आणि बेबी, आणि तिघांच्या मांड्यांवर, पायाशी, पाठीमागे सामान.

“बेबीताई, मी तुझ्या बाजूने आहे बरं का,” भाऊजी आरशातून म्हणाले. “दुकान भाड्याने द्यायची घाई कशाला, हेच मी दादाला सांगतोय.”

“तुला भाड्याने द्यायचं नाहीये कारण तुला विकायचंय,” दादा म्हणाले. “ते सांग ना तिला.”

भाऊजींनी गियर बदलला आणि विषयही.

तलावाच्या फाटकातून आत गेलं की डावीकडे बोटी लावलेल्या असत, उजवीकडे पाण्यापर्यंत उतरत गेलेलं गवत. आठ-दहा कुटुंबं आधीच पसरली होती. कुणी चादर आणली होती, कुणी नुसते वर्तमानपत्राचे कागद. वारा होता. कागद उडत होते आणि पोरं त्यांच्यामागे धावत होती.

बेबीने खांद्यावरून वळकटी उतरवली, पट्ट्याचं बक्कल सोडलं आणि एका झटक्यात चटई अंथरली. खाली ताडपत्री, वर जाड सुती कापड, मध्ये पातळ फोम. चारही कोपऱ्यांना फासे होते. त्यांत तिने लोखंडी खुंट्या घातल्या आणि टाचेने दाबल्या. चटई हलली नाही. मग जेवणाचं कापड निघालं. त्याच्या कोपऱ्यांना छोटे खिसे होते. “यात गोटे घालायचे,” ती म्हणाली आणि जमिनीवरचे चार गोटे उचलून घातलेसुद्धा. पिशवीतून ताटल्या निघाल्या, प्रत्येक आपापल्या कप्प्यातून. चमचे एका पट्टीत खोचलेले, सुरीला कॅनव्हासचं म्यान. जेवणावर झाकायच्या जाळ्या छत्रीसारख्या उघडत होत्या. पाण्याच्या बाटल्यांना आतून लोकरी अस्तराची पिशवी होती आणि पाणी अजून गार होतं.

वहिनी बघतच राहिल्या. त्यांनी चटईवर बसताना हात टेकला तर हाताखाली एक कप्पा लागला.

“हा कशाला?”

“चष्म्यासाठी,” बेबी म्हणाली. “म्हातारी माणसं जमिनीवर बसली की चष्मा काढून बाजूला ठेवतात आणि उठताना त्यावरच हात टेकतात.”

“म्हातारी कोण?” दादांनी विचारलं, पण चष्मा काढून कप्प्यात ठेवून पाहिला.

उकडलेली अंडी, पाव, काकडी, लिंबाचं सरबत. जेवण साधंच होतं, पण उघड्यावर सगळ्यांनाच भूक लागली. वहिनींना वाटलं, हीच वेळ आहे, आता चिऊचा विषय काढावा. त्या घसा खाकरणार तोच भाऊजी म्हणाले, “मला बाबा खाली बसवत नाही, ते स्टूल दे,” आणि घडीच्या कॅनव्हासच्या स्टुलावर बसले. क्षणभर सगळं ठीक होतं. मग ‘टर्र’ असा लांबलचक आवाज आला आणि भाऊजी स्टुलाच्या चौकटीतून थेट खाली गेले. गुडघे वर, सरबताचा पेला छातीवर, आणि पेकाट जमिनीवर.

आधी कुणाला हसावं की धावावं कळेना. जाऊबाईंनी ओढून काढलं. “लागलं का हो?” “नाही नाही,” भाऊजी म्हणाले, आणि उठताना त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की वहिनींना हसू आवरेना. जाऊबाईही फुटल्या. शेजारच्या चादरीवरची मंडळीसुद्धा तोंड फिरवून हसत होती.

दादा हसले नाहीत. “हे तू लोकांना विकणार?” ते म्हणाले. “उद्या एखाद्याची कंबर मोडली म्हणजे?”

बेबीने फाटलेली शिवण उलटी करून पाहिली, नखाने दोरा ओढला. “दोरा चुकला,” ती म्हणाली. “नायलॉनचा संपला होता, घाईत सुती लावला. कापड फाटलेलं नाही, बघ. शिवण गेली.”

“पडणाऱ्याला काय, शिवण गेली काय आणि कापड गेलं काय!”

“बरोबर आहे तुझं. स्टुलं मी विकणार नाही. निदान आत्ताच नाही.”

तिने वाद घातला नाही म्हणून दादांची पंचाईत झाली. त्यांनी तयारी वादाची केली होती. “हे बघ बेबी,” ते आवाज खाली आणून म्हणाले, “औषधवाला मंगळवारी सही करायला येतोय. तुझं सगळं छान आहे, नाही म्हणत नाही मी. पण त्या गल्लीत सहलीचं सामान घ्यायला कोण येणार? दुकान तुला देता येणार नाही.”

“नको देऊ,” बेबी म्हणाली. “मला दुकान नकोच आहे.”

भाऊजी कंबर चोळायचे थांबले. गाडीत बसल्यापासून ते तिची बाजू घेत होते, आणि बाजूच राहिली नव्हती.

“मग आम्हाला इथे कशाला आणलंस?” दादांनी विचारलं.

बेबीने हात करून दाखवलं. फाटकाच्या आत, बोटींच्या तिकीटखिडकीला लागून एक पत्र्याची टपरी होती. ताजा हिरवा रंग, कुलूप, पुढे फळी. “ती मी घेतली आहे. बोटवाल्याच्या बायकोकडून. तिचं चहाचं चालत नव्हतं. येत्या महिन्यात उघडणार. चटया, जाळ्या, पिशव्या विकायच्या, आणि ज्यांना विकत नको त्यांना दिवसापुरत्या भाड्याने द्यायच्या. तुम्हाला विचारायला नव्हतं आणलं. दाखवायला आणलं.”

वाऱ्याने जेवणाच्या कापडाची कड फडफडली. वहिनींचं लक्ष मात्र जाऊबाईंकडे गेलं, कारण सगळे टपरीकडे बघत होते आणि जाऊबाई एकट्याच खाली बघत होत्या.

“तुला माहीत होतं,” वहिनी म्हणाल्या.

“वहिनी, कापडांच्या कडा मीच शिवल्यात,” जाऊबाई हळूच म्हणाल्या. “शाळा सुटल्यावर जात होते ना मी दुकानात. शिवणाच्या तासाची तयारी करते म्हणून सांगायचे.”

“मला पण?” भाऊजी म्हणाले. “मला पण तेच सांगितलंस?”

“तुम्ही कुणापाशी तरी बोलला असता.”

वहिनींना तोंडात मारल्यासारखं झालं. एकाच घरात, एकाच ओट्यापाशी त्या बेबीबरोबर उभं आयुष्य राहिल्या होत्या. भांडणं झाली होती, अबोले झाले होते, पण अशी चोरी कधी झाली नव्हती. “वन्सं, मला का नाही सांगितलंत?” त्या म्हणाल्या. “हिला सांगता, त्या बोटवालीला सांगता, आणि मी कुणीच नाही?”

बेबीने सुरी पुसून म्यानात घातली. “चिऊचा मला फोन आला होता,” ती म्हणाली. “विचारत होती, आत्या, तुझं तिकीट कोणत्या तारखेचं काढू? म्हटलं, कसलं तिकीट? तर म्हणाली, आईने सांगितलं नाही का?”

वहिनींचा चेहरा उतरला.

“मी वाट बघत होते,” बेबी म्हणाली. “म्हटलं, आज विचारतील, उद्या विचारतील. नाही म्हणायचं होतं असं नाही. पण विचारायला हवं होतं. आईने अंथरूण धरल्यावर माझी शाळा सुटली, तेव्हा मला कुणी विचारलं नाही. तुम्ही टेलिफोन ऑफिसात जायला लागलात आणि चिऊ माझ्याकडे राहिली, तेव्हाही नाही. तेव्हा मला वाईट वाटलं नाही हो. चिऊ माझीच होती. पण आता वाटलं.”

आवाज चढला नव्हता. भाजीवालीशी बोलावं तसं ती बोलली, आणि म्हणूनच वहिनींना कुठे बघावं कळेना. त्यांनी इतकंच म्हटलं, “चुकलं माझं.”

“असू दे,” बेबी म्हणाली. “मी पण लपवलंच.”

हे इथे मिटलं असतं, पण दादांच्या मनात दुसरंच चाललं होतं. “आणि शिवणार कशावर?” त्यांनी विचारलं.

“मशीनवर.”

“मशीन दुकानाचं आहे. जुन्या मशीनच्या व्यापाऱ्याला मी शब्द दिलाय. औषधवाल्याला खोली रिकामी हवी आहे.”

इतका वेळ शांत असलेली बेबी पहिल्यांदाच ताठ झाली. “ते मशीन दुकानाचं?” ती म्हणाली. “दादा, तू त्यावर कधी एक टाका तरी घातलास का? त्याची सुई कोणत्या बाजूने ओवतात ते सांग मला.”

“बाबांनी आणलं होतं ते.”

“बाबांनी आणलं आणि मला बसवलं त्यावर! माझ्या पायांनी चाललंय ते!”

“बेबीताई, थांब,” भाऊजी म्हणाले. कंबरेवर हात ठेवूनच ते उभे राहिले. “मशीन दोघा भावांचं आहे ना? मग माझा अर्धा हिस्सा मी तिला दिला. झालं?”

“अर्धं मशीन शिवतं का रे?” दादा उसळले. “आत्ता तिच्या स्टुलावरून पडलास, आणि चाललास दानधर्म करायला!”

“मशीन वन्संचंच आहे,” वहिनी म्हणाल्या.

“तू मध्ये पडू नकोस.”

“लग्न होऊन आले तेव्हापासून मी मध्येच आहे,” वहिनी म्हणाल्या. “आता कुठे बाजूला होऊ?”

दादा उठले, चपला पायात सरकवल्या आणि पाण्याच्या दिशेने चालू लागले. त्यांचा चष्मा चटईच्या कप्प्यातच राहिला होता. वहिनींनी तो घेतला आणि मागोमाग निघाल्या.

काठाशी एक ओंडका पडला होता. दादा त्यावर बसले होते. वहिनींनी चष्मा पुढे केला. त्यांनी तो घातला, पण बघितलं पाण्याकडेच.

“व्यापारी काही फार देणार नाहीये त्याचं,” वहिनी म्हणाल्या. “मग एवढा राग कशावरून?”

“मशीनचं नाही ते.”

“मग?”

बोटीतून कुणाची तरी पोरं किंचाळत गेली. मग दादा म्हणाले, “रविवारी इथे अख्खं गाव येतं. दुकानात येणारे जुने ट्रकवाले येतील बायकापोरं घेऊन. बघतील, बाबांची मुलगी टपरीत बसली आहे. काय म्हणतील? भावांनी दुकान भाड्याने देऊन खाल्लं आणि बहिणीला बसवलं पत्र्याखाली.”

वहिनींच्या डोळ्यांपुढे ते चित्र उभं राहिलं. म्हणणारे म्हणणार होतेच. दादांना ‘काही नाही हो, कोण म्हणतंय’ असं सांगण्यात अर्थ नव्हता. इतक्या वर्षांत त्या दोघांत खोटा धीर द्यायची पद्धत पडली नव्हती.

“म्हणतील,” त्या म्हणाल्या. “मग तुम्ही इथे येऊन बसत जा रविवारी. तुम्हाला बघितलं की निदान तोंडावर तरी म्हणणार नाहीत.”

“मी? टपरीत?”

“बाहेर बसा. पेपर तिथेही वाचता येतो.”

दादांनी तिरकं बघितलं. हसले नाहीत, पण ओंडक्यावर जरा सरकले. वहिनी शेजारी बसल्या. पाणी काठाला थपथप आपटत होतं.

“चिऊकडे आता तुलाच जावं लागणार,” दादा म्हणाले. “बेबी दिवसभर इथे. घरात मी एकटा.”

“चहा येतो तुम्हाला.”

“चहावर माणूस जगतो का?”

“अंडी उकडायला मी जायच्या आधी शिकवीन.”

दादांनी उसासा टाकला आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले. दोघं परत आले तेव्हा बेबी ताटल्या कप्प्यांत घालत होती. जाऊबाई खुंट्या उपटत होत्या. भाऊजी आडवे पडून होते आणि कुणी विचारलं नाही तरी सांगत होते की दुखत नाहीये.

दादा बेबीसमोर उभे राहिले. एक खुंटी जमिनीत अडकली होती, ती वाकून त्यांनी हिसक्याने काढली आणि तिच्या हातात दिली.

“ते मशीन टेम्पोत उभंच न्यावं लागतं,” ते म्हणाले. “आडवं केलंस तर तेल सांडतं सगळं. आणि पायपट्टीचा मागचा बोल्ट गंजलाय, तो तुला निघणार नाही. मी काढून देईन.”

“व्यापाऱ्याला शब्द दिलाय ना तू?”

“त्याला सांगेन, बहीण ऐकत नाही.”

“हे खरंच आहे,” बेबी म्हणाली. दादा वळकटी उचलून गाडीकडे निघाले.

गाडी परतीला लागली. वारा पडला होता, काचा खाली होत्या. वहिनींनी पर्समधून फोन काढला. बेबी खिडकीबाहेर बघत होती. वहिनींना वाटलं, घरी जाऊन शांतपणे करावा फोन. मग वाटलं, नको. एकदा टाळलं त्याचं काय झालं ते बघितलं. त्यांनी आकडे दाबले. गाडीच्या आवाजात ऐकू येईना म्हणून स्पीकर लावला.

“आई? काय गं? आत्याचं तिकीट ठरलं का?”

“आत्या येणार नाही,” वहिनी म्हणाल्या. “ती दुकान उघडतेय. सहलीच्या सामानाचं, तलावावर. मी येतेय तुझ्याकडे.”

बेबीने मान वळवली नव्हती, पण खिडकीच्या कडेवर ठेका धरलेला तिचा हात थांबला होता.

“तू?” चिऊ म्हणाली. लेकीच्या आवाजात राग नव्हता, नुसता घोर होता, आणि तोच वहिनींना जास्त लागला. “आई, तसं नाही, पण... बाळाला आंघोळ घालता येते का तुला?”

दादा बाहेरच्या दिव्यांकडे बघू लागले. वहिनींना तेवढ्या वेळात टेलिफोन ऑफिसातला तो लांबलचक बोर्ड आठवला, कानावरचे हेडफोन, पहाटेची पाळी. आणि घरी परत आल्यावर दारातच येणारा पावडरीचा वास, पाळण्यात न्हाऊन झोपलेलं लेकरू. रोज झोपलेलंच.

“नाही येत,” त्या म्हणाल्या. “कधी घातलीच नाही. पण तू झालीस तेव्हा तुझ्या आत्यालाही कुठे येत होती? शिकली ती तुझ्यावरच. मी पण शिकेन.”

बेबीने हात लांब करून वहिनींच्या हातातून फोन घेतला. “चिऊ, मी बोलतेय,” ती म्हणाली. “पाणी कोपराने बघायचं, हाताने नाही. आणि डोकं शेवटी. तुझ्या आईला मी या आठवड्यात सगळं दाखवते, शेजारचं बाळ आहेच. तू घाबरू नकोस. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.”

तिने फोन वहिनींच्या मांडीवर ठेवला आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली.